पॅकिंग, लाख आणि उसाची मळी

आमच्या शिरूर-दौंड भागात गॅरेजमध्ये 'गॅस्केट' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे शब्द आहे 'पॅकिंग'. मी इतिहास शिकवला, यंत्रे नव्हेत. पण नोकरीची सारी वर्षे टू-स्ट्रोक स्कूटरवर गेली आणि तिच्यापायी दोन्ही गावांतल्या मिस्त्र्यांच्या बाकांवर पुष्कळ बसणे झाले. तिथे पाहिले-ऐकले त्याला पुढे वाचनाची जोड दिली. ज्यांच्या दारात अजून जुनी चेतक, लूना किंवा राजदूत उभी आहे त्यांनी हे जरूर वाचावे.

फोर-स्ट्रोक इंजिनाचा खालचा जोड गळला तर जमिनीवर ऑइलचा डाग पडतो. दुखणे डोळ्यांना दिसते. टू-स्ट्रोकचे तसे नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने १८९१ मध्ये जी रचना आणली, तीत क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाते आणि बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. म्हणून इथे जोड जरासा उघडा राहिला तर बाहेर काही दिसत नाही, आत मात्र फुकटची हवा शिरते. मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला धरतो. रेस सोडली तरी इंजिन खाली बसत नाही, हे त्याचे पहिले लक्षण. थोडक्यात, टू-स्ट्रोकमध्ये पॅकिंग हा इंजिनाचाच एक चालता अवयव आहे.

आता थोडा इतिहास. आकुर्डीला बजाजने १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बांधायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. तिचा कारखाना अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर), नगर-दौंड रस्त्यावर, म्हणजे आमच्या अंगणातच म्हणा ना! कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. अशी मिळालेली गाडी कोण टाकून देणार? मग बोअर करा, हाफ इंजिन उतरवा, फुल इंजिन उतरवा आणि प्रत्येक वेळी पॅकिंग नवे घाला. आपल्याकडे हे ज्ञान टंचाईतून आले.

तयार किट हाताशी नसले की मिस्त्री जाड कागद जोडावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकत पॅकिंग कापत. कामाला लग्नपत्रिकाही आलेली मी पाहिली आहे. पण जाणता मिस्त्री आधी जुन्या पॅकिंगची जाडी बघे. सिलिंडरखालचे पॅकिंग जाड झाले की सिलिंडर वर उचलला जातो, त्याची भोके आधी उघडतात आणि दाबही उतरतो. हेडला तांब्याचे पॅकिंग असेल तर ते लाल तापवून पाण्यात विझवायचे, म्हणजे मऊ होऊन पुन्हा नीट बसते. कागदाला सिलिकॉन थापायचे नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते आणि त्याचा सुटलेला तुकडा आत वाटेत अडकतो.

क्रँककेसच्या दोन फाकांमध्ये मात्र भरवशाचे होते शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची देणगी. महाभारतातले लाक्षागृह याच लाखेचे. पेट्रोल आणि ऑइल तिला विरघळवू शकत नाही, म्हणून ती इंजिनात टिकली. तिला विरघळवते ते स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार हेच तर करतो!

आणि इथेच काळाने गंमत केली आहे. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. पेट्रोलला दाद न देणारी लाख त्याच्यापुढे मऊ पडते. शिवाय जुन्या ऑइल सीलचे रबरही त्याला सोसेलच असे नाही. ते इथेनॉल बनते कशापासून? उसाची मळी, उसाचा रस आणि धान्यापासून. शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. ज्या उसाने शेतकऱ्याच्या घरी स्कूटर आणली, तोच तिच्या जोडात शिरतो आहे.

यात उसाचा दोष नाही आणि शेलॅक लावणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांचाही नाही. आत वाहणारे द्रव्य ओळखून त्यांनी लेप निवडला होता, ते द्रव्यच बदलले. तेव्हा आता इंजिन उतरवाल तर मिस्त्रींना दोन गोष्टी सांगा. एक, लेप इथेनॉल सोसणारा हवा. धातूला धातू भिडतो तिथे हवा कोंडली की घट्ट होणारा ॲनॅरोबिक लेप चालतो, तोही पातळ लावावा. दोन, ऑइल सील विटॉनचे मिळाले तर तेच घ्या.

२०२० मध्ये चेतक विजेवर परतली, २०२४ मध्ये लूनाही. त्यांना ना क्रँककेस, ना ही चिंता. पण जुन्या गाड्या आमच्या रस्त्यांवर अजून धूर सोडत धावतात. त्यांना केवळ परंपरेने चालत आलेला लेप लावू नका. त्या परंपरेमागचे कारण विचारा आणि मग लावा.