जिवंत नट, मेलेली माकडं : इटालियन जंगल-भयपटांची गोष्ट

आजची गोष्ट १९८० सालच्या इटलीतली. एका दिग्दर्शकावर संशय आला, की सिनेमासाठी याने खरोखर माणसं मारली. सुटायचं तर आपले नट जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागणार होतं! सिनेमाचं नाव ‘कॅनिबल होलोकॉस्ट’, दिग्दर्शक रुजेरो देओदातो. आधीच सांगतो, जेवताना ऐकत असाल तर पॉज करा.

थोडं मागे जाऊ. १९६२ मध्ये इटलीत ‘मोंदो काने’ नावाची डॉक्युमेंटरी आली. जगभरातल्या चित्रविचित्र, किळसवाण्या प्रथा एकापाठोपाठ एक दाखवायच्या, असा तिचा फॉर्म्युला. त्यातले काही प्रसंग चक्क रचलेले होते. पण ती तुफान चालली आणि तिच्या गाण्याला ऑस्कर नामांकनही मिळालं. प्रेक्षकांना ‘हे खरं आहे’ एवढं सांगितलं की ते काहीही बघतात, हा धडा निर्मात्यांनी तिथे घेतला.

त्या काळच्या इटालियन इंडस्ट्रीत एक शब्द होता, ‘फिलोने’. म्हणजे खाणीतली धातूची शीर. एक सिनेमा हिट झाला की त्याच शिरेवर सगळे कुदळ घेऊन तुटून पडायचे. वेस्टर्नचं तसंच झालं होतं. आम्ही कोडवाले चालणारं मोड्यूल उचलून दहा ठिकाणी चिकटवतो, अगदी तसं. १९७२ मध्ये उंबेर्तो लेंझीने थायलंडमध्ये एक सिनेमा शूट केला. गोरा माणूस जंगलात जमातीच्या हाती सापडतो, अशी त्याची कथा. नरभक्षकपटांच्या शिरेची सुरुवात हीच मानतात. १९७७ मध्ये देओदातोने मलेशियात असाच एक सिनेमा बनवला. जंगल फुकटचा सेट, स्थानिक लोक स्वस्तातले एक्स्ट्रा, आणि मोठ्या स्टारची गरजच नाही. कमी बजेटचं गणित बरोबर जुळत होतं.

मग आला ‘कॅनिबल होलोकॉस्ट’. शूटिंग कोलंबियाच्या दक्षिण टोकाला, ॲमेझॉनकाठच्या लेतिसिया गावाच्या आसपास झालं. कथा अशी: चार डॉक्युमेंटरीवाले जंगलात बेपत्ता होतात. त्यांना शोधायला गेलेल्या प्रोफेसरला फक्त त्यांची रिळं सापडतात. ती न्यूयॉर्कमध्ये बघितल्यावर कळतं, की खळबळजनक शॉट मिळावा म्हणून या चौघांनीच गावाला आग लावली होती, अत्याचार केले होते. म्हणजे जंगली कोण? तर कॅमेरावाले. इटालियन मीडियाच्या हिंसेच्या हव्यासावर मला बोट ठेवायचं होतं, असं देओदातो नंतर मुलाखतींत सांगायचा.

रिळं खरी वाटावीत म्हणून नटांशी करार झाला होता, की वर्षभर कुठे दिसायचं नाही. ही युक्ती अंगाशी आली. मिलानमध्ये रिलीज झाल्यावर थोड्याच दिवसांत सिनेमा जप्त झाला आणि खुनाचा संशय उठला. देओदातोने नटांना शोधून समोर आणलं. खांबावर सुळी दिलेल्या बाईचं दृश्य तर सगळ्यांना अस्सल वाटलं होतं. प्रत्यक्षात लोखंडी खांबाला सायकलची सीट लावलेली होती. बाई तिच्यावर बसलेली आणि तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचं टोक. बस, एवढंच!

खुनाचा संशय मिटला. पण पडद्यावर मेलेले प्राणी मात्र खरेच मेले होते. कासव, डुक्कर, माकड... माकडाचा शॉट दोनदा घेतला, म्हणून दोन माकडं मारली. अखेर अश्लीलता आणि प्राण्यांशी क्रूरता यासाठी देओदातो आणि त्याचे काही सहकारी दोषी ठरले. बंदी उठायला १९८४ उजाडलं. ब्रिटनमध्येही १९८० च्या दशकात ‘व्हिडिओ नॅस्टी’ म्हणून ज्या कॅसेटवर सरकारचा डोळा होता, त्यांच्या यादीत हा सिनेमा होता.

म्हणजे खोटं होतं ते लोकांनी खरं मानलं, हे तर झालंच. पण मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. सिनेमातल्या एका नरभक्षक जमातीचं नाव आहे यानोमामो. हे लोक काल्पनिक नाहीत. ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवर, लेतिसियापासून शेकडो किलोमीटर दूर, यानोमामी खरोखर राहतात. ते शत्रूंना पकडून खात नाहीत. जवळचं माणूस गेलं की त्याचं दहन करतात आणि हाडांची राख केळ्याच्या पेजेत मिसळून आप्तस्वकीय पितात. तो दुःखाचा विधी आहे. आपण अस्थी नदीत सोडतो, ते स्वतःत सामावून घेतात.

त्याच १९८० च्या दशकात हजारो सोनं खोदणारे त्यांच्या जंगलात घुसले. सोबत मलेरिया आला, नद्यांत पारा गेला, कितीतरी यानोमामी मेले. ब्राझीलने त्यांच्या जमिनीला अधिकृत मान्यता दिली ती १९९२ मध्ये. हे सिनेमामुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण जगभरच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांत या लोकांचं नाव ‘माणसं खाणारे’ म्हणून फिरत होतं, त्याच वर्षांत बाहेरची माणसं त्यांचं जंगल खात होती. चार गोरे नट जिवंत आहेत का, हे इटलीतल्या कोर्टाने विचारलं. यानोमामींचं नाव असं का वापरलं, हे कुणाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. मीडियावर टीका करणाऱ्या सिनेमाने स्वतः तेच केलं, जे त्याच्या कथेतले चौघे करतात.

सापडलेल्या रिळांची ही आयडिया पुढे १९९९ च्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने जगभर नेली, आणि आज तुमच्या ग्रुपवर ‘१००% खरी घटना’ लिहिलेले हलते, धूसर व्हिडिओ येतात ते याच घराण्यातले. असा व्हिडिओ आला की तो खरा की खोटा हे तपासाच. पण त्यात ज्यांना राक्षस म्हणून दाखवलंय, ते लोक कोण आहेत, कुठे राहतात, हेही एकदा शोधा. फॉरवर्डचं बटण कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!