चिमूटभर दाण्याची कुळकथा

कोडोलीत ज्या घरात काचेची टाकी आहे, तिथं माशांचं खाणं म्हणजे लाल-हिरव्या दाण्यांचं पाकीट, एवढंच ठाऊक असतं. मासे कुणाचीही सावली दिसली की तोंड वर काढून धावत येतात आणि बघणाऱ्याचा हात आपोआप पाकिटाकडं जातो. त्या हाताची सवय फार जुनी आहे. दाणा मात्र अगदी अलीकडचा, आणि त्या दोघांचा मेळ नीट बसला नाही की मासे मरतात. म्हणून ही कुळकथा सांगायची.

तिचा एक जुना धागा आपल्याच भागातून जातो. बाराव्या शतकात पन्हाळा-कोल्हापूर मुलखावर शिलाहार गंडरादित्याचा अंमल होता आणि त्याच्यावर सत्ता होती कल्याणीच्या चालुक्यांची. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातलं ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण गळाच्या शिकारीचं. पण शिकारीआधी मासे पोसावे लागतात, म्हणून कोणत्या जातीला काय चारावं याचाही विचार त्यात आहे. सगळ्या माशांचं तोंड सारखं नसतं, हे त्या दरबाराला कळलं होतं.

दुसरा धागा देवाच्या डोहांचा. महाडजवळचा वाळणकोंड, वाड्याजवळचं तिळसे, अशा ठिकाणी महसीर माशांना देवाचे मासे म्हणून अभय आहे. भाविक त्यांना प्रेमानं खाऊ घालतात. यात हिशेब नसतो, आणि तो नसला तरी फारसं बिघडत नाही, कारण उरलंसुरलं नदी वाहून नेते. मासाही त्या खाऊवर अवलंबून नसतो. शेवाळ, किडे, गोगलगायी असं त्याचं जेवण डोहात असतंच.

काचेची टाकी आली आणि नदीचा हा आधार तुटला. १८५०मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देत, गोगलगायी सडकी पानं खात आणि गोगलगायींची अंडी माशांच्या पोटात जात. भांड्यातलं भांड्यातच फिरे. पुढं टाक्या वाढल्या, उष्ण देशांतले रंगीत मासे बोटींनी युरोपात जाऊ लागले आणि इतक्या माशांना पुरणारं खाणं भांड्यात पिकेना.

मग शौकीन डबक्यांकडं वळले. पाणपिसवा, डासांच्या अळ्या आणि गटाराच्या गाळात वाढणारे ट्युबिफेक्स हे लाल किडे. या किड्यांचा गुंता वाटीत घेऊन बारीक धारेखाली पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. पाणी नितळ दिसेपर्यंत गाळ निघतो, पण गटारातले जंतू किड्यांच्या पोटात राहतातच. खाणं पौष्टिक, पण रोगासकट घरात येणारं. १९३०च्या दशकात आर्टेमिया या खारट तळ्यातल्या जिवाचा उपयोग कळला. त्याची अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात आणि मिठाच्या कोमट पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना आजही याहून चांगलं अन्न क्वचितच मिळतं.

खरा पालट १९५०च्या दशकात झाला. जर्मनीत उलरिच बेन्श यांनी ‘टेट्रामिन’ हे पापुद्र्यांचं खाणं बाजारात आणलं. असे पापुद्रे करण्याची रीत सोपी आहे. मासळीची भुकटी, पीठ, यीस्ट यांचं पातळ सारण तापलेल्या फिरत्या पिंपावर पसरतात आणि वाळलेला पापडासारखा पातळ पत्रा खरवडून चुरतात. तो चुरा आधी तरंगतो, मग सावकाश खाली जातो. त्यामुळं वरच्या, मधल्या आणि तळाच्या माशांनाही वाटा मिळतो. त्याच दशकात अमेरिकेत जॉन हाल्व्हर माशांना कोणती जीवनसत्त्वं लागतात ते शोधत होते. बऱ्याच माशांना ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, आणि ते मिळालं नाही तर कणा वाकडा होतो.

आपल्याकडं १९५१मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि १९६१मध्ये केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था सुरू झाली. शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला मात्र शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सारख्या प्रमाणात घालायची रीत रूढ झाली. तळ्यात ती चालते, कारण बाकीचं पोषण शेणखतानं हिरव्या झालेल्या पाण्यातून मिळतं. टाकीत पेंड पुरत नाही की कणकेची गोळी पुरत नाही. तिथं आपण टाकतो तेवढंच माशाचं सारं जग.

म्हणून दाणा निवडताना माशाचं मूळ पाणी आठवावं. सोनमासा कार्पच्या कुळातला. त्याला जठर नसतं, त्यामुळं एकदम भरपूर नको, थोडं थोडं द्यावं, अधूनमधून उकडलेला सोललेला मटारही. फायटर हा थायलंडकडच्या भातखाचरांतला कीटकखाऊ, त्याला पालेभाजी उपयोगाची नाही. गप्पी काहीही खातात आणि डासांच्या अळ्यांवर तुटून पडतात. आरोग्य खातं त्यांना पाळतं ते त्यासाठीच. पाकीट लहान घ्यावं, झाकण घट्ट लावावं, कारण हवा आणि ओल लागली की जीवनसत्त्वं उडतात.

आणि दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच टाकावं. उरलेला दाणा कुजतो, त्यातून अमोनिया सुटतो, कल्ले जळतात आणि आपण म्हणतो, ‘दाणा वाईट निघाला’. बहुतेक वेळा दाणा चांगलाच असतो. डोहाकाठी ओंजळभर टाकणारा हात आपण टाकीवर आणलेला असतो. नदी त्या हाताला सांभाळून घेई, टाकी घेत नाही. आठवड्यातला एक उपवास मोठ्या, निरोगी माशाला मानवतो. माशावर माया असेल, तर ती मोजून द्यायला शिकलं पाहिजे.