न मारलेल्या चेंडूचा हिशोब

सोलापुरात क्रिकेटचा विषय निघाला की पॉली उम्रीगर हे नाव येतंच. १९२६ ला ते इथे जन्मले, कसोटीत १२ शतकं केली. अभिमान आहेच. पण आज लिहितोय ते एकही शतक नसलेल्या माणसाबद्दल.

चेतन चौहान. पुण्यात वाढले, कमल भांडारकरांच्या हाताखाली घडले, आधी महाराष्ट्राकडून आणि मग दिल्लीकडून रणजी खेळले. ४० कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं, शतक शून्य. पण गावसकर आणि चौहान या जोडीने कसोटीत सलामीला ३ हजारांवर धावा जोडल्या. १९७९ ला ओव्हलवर ४३८ चं लक्ष्य होतं. दोघांनी २१३ ची सलामी दिली, सामना ९ धावा कमी पडून अनिर्णित राहिला. गावसकरांचे २२१ सगळ्यांना पाठ आहेत. चौहानांचे ८० किती जणांना आठवतात?

सलामीवीराचं निम्मं काम म्हणजे ऑफ स्टंपबाहेरचा नवा चेंडू सोडणं. आणि स्कोअरबुकात त्याचं काय होतं? एक टिंब. हुकला तरी टिंब, तटवला तरी टिंब, डोकं वापरून सोडला तरी टिंबच.

बेसबॉलमध्ये मात्र सोडण्याचं बक्षीस मिळतं. ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने सोडले की पहिला बेस फुकट. याला म्हणतात 'वॉक'. वॉशिंग्टनच्या एडी योस्टने १९५६ च्या एका हंगामात १५१ वॉक मिळवले, कारकिर्दीत १६१४. त्याचं टोपणनावच पडलं 'चालणारा माणूस'. पण फटक्यांची सरासरी साधारण, त्यामुळे मोठ्या फलंदाजांत त्याची गणती झाली नाही. फलंदाज एकूण किती वेळा बेसवर पोचला, हा आकडा तिथे अधिकृत झाला १९८४ ला. योस्ट १९६२ लाच निवृत्त झाला होता.

म्हणजे जे मोजलं जात नाही, ते दिसतच नाही.

पार्क मैदानावर पोरं खेळत असतात आणि आपण पालक कडेला उभं राहून ओरडतो, "मार की लका!" मीही ओरडलोय, माझ्याच पोरावर. त्याने चांगला सोडलेला चेंडू मला एकदाही दिसला नाही.

प्रशिक्षक मित्रांनो, एक विनंती. वहीत सोडलेल्या चेंडूच्या टिंबाला एक गोल करा. दिवसाच्या शेवटी गोल मोजा आणि पोराला सांगा. खर्च काही नाही, पेन्सिल तर हातात असतेच.