अणू की परमाणू?

निपाणीला बहिणीचा मुलगा मराठी शाळेत, त्याचा शेजारचा मित्र कन्नड शाळेत. दोघे एकत्र अभ्यासाला बसले की हमखास भांडण! मराठीत पदार्थाचा मूळ कण तो अणू, आणि अणू जुळून होतो तो रेणू. कन्नडमध्ये (हिंदीतही) मूळ कण परमाणू, आणि जुळून होतो तो अणू. म्हणजे 'पाण्याचा अणू' मराठीत चूक, कन्नडमध्ये बरोबर.

कणादाचा अविभाज्य कणही परमाणूच. तेव्हा कन्नडवाले परंपरेला धरून आहेत, हे मान्य करावे लागते. पण बॉम्बला मात्र तेही 'अणुबाँब'च म्हणतात!

१९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला. पाट्यांवरचे भांडण सर्वांना दिसते, वहीतले कुणाला दिसत नाही.

"मामा, पेपरात काय लिहू?"

"रेणूच लिही. आणि मित्राचे खोडू नकोस."