माळकरी आजींचं क्रिएटिनिन

शेजारच्या आजी माळकरी, मासळीच्या वासानेही नाकाला पदर लावणाऱ्या. त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवरचा ‘क्रिएटिनिन १.०’ मी वाचून दाखवला, पण शब्दाचा अर्थ काही सांगितला नाही. त्याच्या मुळाशी मांस आहे!

१८३२ साली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसरसात एक नवा पदार्थ सापडला. मांसाला ग्रीकमध्ये ‘क्रेआस’ म्हणतात, म्हणून हे क्रिएटिन. कच्चं मांस खाणारा तो ‘क्रव्याद’ हा आपला संस्कृत शब्दही त्याच ‘क्रेआस’च्या भाऊबंदांपैकी. १८४७ मध्ये जर्मनीत युस्टुस फॉन लीबिगने क्रिएटिन आम्लात तापवून मिळालेल्या पदार्थाला क्रिएटिनिन नाव दिलं. शिकारीत धावून धावून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पाळीव कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन असतं, असंही त्याने नोंदवलं. म्हणजे मामला स्नायूंचा. मूत्रपिंडाशी त्याची सोयरीक जुळायला अजून अवकाश होता.

मग १८८६. मॅक्स याफेला दिसलं की अल्कलीत मिसळलेल्या पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन पडलं की नारिंगी-तांबडा रंग चढतो. हे तेच आम्ल, ज्याने रेशीम पिवळं रंगवत आणि पुढे तोफगोळेही भरले. १९०४ मध्ये ऑटो फोलिनने त्या रंगाच्या गडदपणावरून लघवीतलं क्रिएटिनिन मोजायची रीत बसवली. आजही कित्येक लॅबमध्ये तोच रंग चढतो, फक्त पाहणारा डोळा यंत्राचा.

गोम इथेच आहे. स्नायू क्रिएटिनिन सोडतात, मूत्रपिंड ते गाळतं. गाळणी मंदावली की रक्तात साचतं. पण आजींच्या बांगड्या आता मनगटावर थांबत नाहीत, हात वर केला की कोपरापर्यंत घसरतात. मांसच झडलंय, तर क्रिएटिनिन येणार कुठून? गाळणी निम्मी बसली तरी आकडा शहाण्यासारखा ‘नॉर्मल’.

१९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी गाळणीच्या वेगाचा सोपा हिशेब काढला: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. २४९ रुग्ण त्यांनी पाहिले, पण बायका त्यात जेमतेम. म्हणून बायकांसाठी सरळ १५ टक्के कापले. (हे बायकांच्या वाट्याला नेहमीचंच.)

रिपोर्टवर वजनाचा रकानाच नव्हता. आजींना कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं: ४५ किलो. वय ८०. उत्तर आलं मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर. तोच १.० आकडा असलेल्या तीस वर्षांच्या, ७० किलोच्या गड्याचं उत्तर १०७ च्या आसपास.

हिशेब ढोबळच. स्नायूंवर फारशी न अवलंबणारी सिस्टॅटिन-सी ही तपासणी आता मिळते. डॉक्टरांनी ती आणि लघवीतल्या प्रथिनांची, दोन्ही लिहून दिल्या. पण त्याआधी कागदावरचा ३२ पाहून त्यांनी विचारलं, “गुडघ्यांसाठी कुठली गोळी घेता?” आजींनी कनवटीला खोचलेली पुडी काढली, आणि मूत्रपिंडाला जड म्हणून ती डॉक्टरांनी ठेवूनच घेतली.