हृदयाच्या ठेक्यावर फुटणारा खडा

सॅम्युअल पेपिसची रोजनिशी आपण सतराव्या शतकातील लंडनचे चित्र म्हणून वाचतो. महामारी, आग, नाटकगृहे हे सारे तीत आहेच. परंतु आमचे लक्ष एका लहानशा वस्तूकडे पुनःपुन्हा जाते. २६ मार्च १६५८ रोजी पेपिसच्या मूत्राशयातून जो खडा काढण्यात आला, त्यासाठी त्याने पुढे खास डबी करवून घेतली. त्या दिवसाच्या वर्षपूर्तीला मेजवानी द्यावी, असा त्याचा संकल्प होता. १६६९ साली जॉन एव्हलिन त्याला आपल्या आजारी भावाकडे घेऊन गेला, तेव्हा खडाही बरोबर नेला होता. तो टेनिसच्या चेंडूएवढा असल्याचे एव्हलिनने नोंदवले आहे. भावाने शस्त्रक्रियेस तयार व्हावे, एवढाच हेतू.

हा धीर का द्यावा लागे, हे उघड आहे. भुलीचे औषध नव्हते आणि जखम चिघळली तर उपाय नव्हता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवरील शस्त्रकर्म तपशीलवार येते. पण कुशल वैद्याच्या हातूनही यश अनिश्चित, म्हणून आधी राजाची अनुमती घ्यावी, असेही तेथे बजावले आहे. ग्रंथकाराचा हा प्रामाणिकपणा आम्हांला त्याच्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो.

कापण्याऐवजी आतच फोडावे, हा विचार प्रत्यक्षात आणला तो पॅरिसच्या झाँ सिव्हियाल याने, १८२४ साली. मूत्रमार्गातून उपकरण घालून त्याने मूत्राशयातला खडा चुरडला. त्याने मांडलेल्या आकडेवारीनुसार कापण्याच्या पद्धतीत शंभरांतील एकवीस-बावीस रुग्ण दगावत, तर चुरडण्याच्या पद्धतीत दोन-तीन. मूत्रपिंड मात्र या उपकरणाच्या आवाक्याबाहेरच राहिले. तेथील खड्यासाठी विसाव्या शतकातही कूस उघडावी लागे.

ही कोंडी फुटली ती म्युनिकमध्ये, आणि तीही विमानांच्या अभ्यासातून. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूची हानी होते. तिचा शोध घेताना डॉर्निअर कंपनीच्या संशोधकांना आघाततरंगांचे वर्तन कळत गेले. पाण्यातून आलेला तरंग मऊ ऊतींत फारसा न अडखळता शिरतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या पाण्यासारख्याच. खडा मात्र वेगळा. तेथे तरंगाचा काही भाग परततो, काही आत शिरून मागच्या पृष्ठभागावरून ताण बनून उलटतो. आणि दगड दाब जितका सोसतो तितका ताण सोसत नाही. शिवाय भोवतालच्या द्रवात बुडबुडे उठतात आणि कोसळताना खड्याला टोचे मारतात.

उपकरणाची कल्पना तर शाळेतल्या भूमितीची. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एकीपासून निघालेला तरंग परावर्तित होऊन दुसरीपाशी एकवटतो. एका नाभीत पाण्याखाली विजेची ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीत क्ष-किरणांच्या साहाय्याने रुग्णाचा खडा आणायचा. क्रिस्टियन शाउसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांचे खडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडात ठेवून आधी प्रयोग केले. (या मुक्या प्राण्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.) ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या माणसावर उपचार झाला. भूल दिलेला रुग्ण पाण्याच्या टाकीत, आणि कातडीवर एक ओरखडाही नाही.

आता खरी गोष्ट. आघातामुळे हृदयाचा ठोका चुकू नये, म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक ठिणगी रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्याशी जोडलेली असे. यंत्राला हृदयासाठी थांबावे लागे. पुढे टाकी गेली, यंत्रे सुटसुटीत झाली, पुष्कळ ठिकाणी ही जोडणीही सुटली आणि मिनिटाला १२० आघात देण्याचा प्रघात पडला. वेळ वाचला, हे खरे. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत, डुकरांच्या मूत्रपिंडात ठेवलेले जिप्समचे नकली खडे मिनिटाला १२० आघातांपेक्षा ३० आघातांनी अधिक बारीक फुटले. २००५ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी रुग्णांवर १२० आणि ६० यांची तुलना केली. तेथेही संथ गतीच सरस ठरली. आधीच्या आघाताचे बुडबुडे विरण्यापूर्वी पुढचा तरंग आला, तर तो त्यांतच अडकतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

म्हणजे ज्या सक्तीच्या संथपणाला अडचण समजून बाजूला सारले, तोच त्या पहिल्या यंत्राच्या यशाचा एक भाग होता. त्या जुन्या टाकीवाल्या यंत्राशीच नव्या यंत्रांची तुलना पुढे वर्षानुवर्षे होत राहिली, यात म्हणूनच आम्हांला नवल वाटत नाही.

डुकरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. हे आघात मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्याही फोडतात. मात्र आधी थोडे सौम्य आघात देऊन काही मिनिटे थांबले, तर ती इजा बरीच घटते. आज दुर्बिणीतून आत सोडलेल्या लेसरने या पद्धतीचे बरेचसे क्षेत्र व्यापले आहे. जेथे आघाततरंग अजून वापरतात, तेथे डॉक्टर पुष्कळदा पहिले आघात हलके देतात आणि मग क्षणभर हात आवरता घेतात.