राजधानी कां हलली? : राजगडावरील एक दिवस

शाळेंत इतिहास शिकवितांना एक प्रश्न हटकून निघे. राजगड ही शिवाजीमहाराजांची पहिली राजधानी. सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याचा कारभार तेथूनच चालला. मग राज्याभिषेक रायगडावर कां झाला? पाठ्यपुस्तकांत याचें उत्तर बहुधा एका ओळींत आटोपलेलें असतें: रायगड अधिक दुर्गम म्हणून. विद्यार्थी ती ओळ पाठ करतात, परीक्षक तिला गुण देतात आणि प्रश्न मिटतो. परंतु जो राजगड स्वतःच्या पायांनीं चढला आहे, त्याच्यापुरता तो मिटत नाहीं. किंबहुना गडावर पोंचल्यावरच तो खरा सुरू होतो.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी व माझे एक जुने स्नेही राजगडास जाऊन आलों. हे स्नेही बांधकाम खात्यांत ओव्हरसियर होते. दोघांचीही साठी उलटलेली; तेव्हां घरच्या मंडळींनीं कपाळाला आंठ्या घातल्या हें सांगावयास नकोच. पहांटे गुंजवणें गांवीं उतरलों व उजाडतांच चढूं लागलों. माझी शिदोरी बखरींची, त्यांची मोजमापाची. वाटेंत वाद होणार हें ठरलेलेंच होतें.

राजगडाची रचना ध्यानांत घेतल्याशिवाय हा वाद समजावयाचा नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंचीचा हा डोंगर. याचें मूळचें नांव मुरुंबदेव. तोरणा हातीं आल्यानंतर महाराजांनीं यावर तटबंदी घातली. मधोमध उभ्या कड्यांचा बालेकिल्ला, आणि त्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. चोरदरवाजाची वाट शेवटीं इतकी अरुंद होते कीं, हातापायांचा सारखाच उपयोग करावा लागतो. त्या दिंडींतून वांकून आंत शिरलें, कीं एकदम पद्मावतीचें तळें दृष्टीस पडतें.

तळ्याच्या कांठीं बसून श्वास जरा ठिकाणावर आल्यावर माझ्या स्नेह्यांनीं पहिला हल्ला चढविला. "मास्तर, तुमच्या पुस्तकांतली ती ओळ खोडून टाका. रायगड समुद्रसपाटीपासून सत्तावीसशें फुटांच्या आसपास. हा त्याहून कितीतरी उंच. वाट म्हणाल तर आत्तांच आपण चढून आलों. आणि संजीवनी माचीचा तो दुहेरी तट पाहा! बाहेरची भिंत पडली तरी आंतली उभी. एवढा बळकट गड सोडून कोणी केवळ दुर्गमतेसाठीं दुसरीकडे जाईल काय?"

त्यांचें म्हणणें बिनतोड होतें. पुढचा इतिहासही त्यालाच दुजोरा देतो. रायगड इ. स. १६८९ सालीं मोगलांच्या हातीं पडला. उलट राजगड घेण्यासाठीं इ. स. १७०३ च्या अखेरीस स्वतः औरंगजेब वेढा घालून बसला, तेव्हां कोठें १७०४ च्या आरंभीं तो त्याला मिळाला. तेव्हां निव्वळ बळकटपणांत राजगड उणा होता, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

मग कारण काय असावें? माझें उत्तर गडावर नव्हे, गडाच्या पायथ्याशीं आहे. इ. स. १६६५ सालीं मिर्झाराजा जयसिंगानें पुरंदरास वेढा घातला. त्याच वेळीं त्यानें दाऊदखानाच्या हाताखालीं एक फौज राजगड व सिंहगड यांच्या आसपासच्या मुलखांत धाडली. या फौजेनें गड घेतला नाहीं. तिनें खेडीं जाळलीं, पिकें तुडविलीं, माणसें व गुरें धरून नेलीं. पुढें जूनमध्यें तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. राहिलेल्या बारांत राजगड होता. म्हणजे गड अभंग राहिला, पण त्याच्या सावलींतली रयत लुटली गेली. पुण्याच्या बाजूनें येणाऱ्या फौजेला हीं खेडीं नेहमींच हाताशीं होतीं. रायगडाची गोष्ट निराळी. तो सह्याद्रीच्या पलीकडे, कोंकणांत. तेथवर मोठी फौज नेणें म्हणजे आधीं घाट उतरणें आलें. राजा कड्यावर सुरक्षित राहूं शकतो. राज्य मात्र कड्याखालीं असतें. शिवाजीमहाराजांसारख्या राजाला हा भेद कळला नसेल, हें संभवत नाहीं.

स्नेह्यांना हें अर्धेंच पटलें. त्यांनीं पद्मावती माचीवरून एक फेरी मारली, सदर, वाड्यांचीं जोतीं, देऊळ हें सारें नजरेनें मोजलें, आणि म्हणाले, "जागा कोठें आहे? अष्टप्रधानांच्या कचेऱ्या, कारकून, परदेशी वकील, बाजार हें सर्व येथें मावावयाचें नाहीं. संजीवनी आणि सुवेळा म्हणजे लांबच लांब सोंडा. पाहऱ्याला उत्तम, नगराला निरुपयोगी. राजाचा संसार वाढला, घर लहान पडलें." रायगडाचा माथा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें सहज पटेल. तेथें राजसभा आहे, बाजारपेठेच्या ओळी आहेत, जगदीश्वराचें देवालय आहे. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. एवढ्या खडकाळ वाटेनें हत्ती वर आणले तरी कसे, याचें त्याला नवल वाटल्याचें त्यानें नमूद केलें आहे. राजगडावर हत्तीला वळावयासही जागा शोधावी लागेल!

आमचा हा वाद चालू असतां एक म्हातारी डोईवर ताकाचा हंडा घेऊन आली. "बाबा, ताक घ्या, लई ऊन झालंय," म्हणाली. ती कधीं निघाली असें विचारतां, दिवस उगवायच्या आधीं, असें उत्तर आलें. मिठापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत गडावर विकावयाचें तें सारें गांवकरी असेंच खालून आणतात. आम्ही ताक प्यालों आणि दोघेही थोडा वेळ गप्प झालों. त्या काळीं शेंकडों माणसांचें धान्य, मीठ, तेल, दारूगोळा हें सर्व कोणाच्या ना कोणाच्या डोईवरूनच चढलें असेल. रायगडालाही चढ आहेच; परंतु त्याच्या जवळच्या महाडापर्यंत सावित्रीच्या खाडीनें गलबतें येत असत. आरमार उभारणाऱ्या राजाला समुद्राकडे तोंड असलेली राजधानी हवीशी वाटली, यांत आश्चर्य तें काय?

मात्र हा सर्व हिशेब मांडतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. पद्मावती माचीवर सईबाईसाहेबांची समाधि आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या धामधुमींत, इ. स. १६५९ च्या सप्टेंबरांत, त्यांचें याच गडावर निधन झालें. आग्र्याहून निसटून महाराज १६६६ सालीं परतले ते येथेंच. राजाराममहाराजांचा जन्म १६७० सालीं झाला तोही येथेंच. ज्या घरानें दुःख पाहिलें, सुटका पाहिली, पाळणा पाहिला, तें सोडून कारभार हलविणें हा नुसता डावपेंच नव्हता. राज्याची गरज घराच्या मायेहून मोठी मानावी लागली. पाठ्यपुस्तकांतल्या त्या एका ओळींत हें कोठेंच येत नाहीं.

उतरतांना आम्ही पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरली. माझे गुडघे कुरकुरत होते. स्नेह्यांचा युक्तिवाद मात्र शाबूत होता. जागा अपुरी पडली हेंच मुख्य कारण, असें त्यांचें मत आजही कायम आहे. माझा भर रयतेवर व समुद्रावर. दोहोंपैकीं एकच खरें धरलें पाहिजे असें नाहीं.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत राजगड व रायगड हे दोन्ही आहेत. आतां तेथें गर्दी वाढेल, आणि ती वाढावी. घरोघरच्या वडील मंडळींना माझें सांगणें इतकेंच: सुटींत मुलांना गडावर न्या, पण जातांना उत्तर देऊं नका, प्रश्न द्या. राजधानी कां हलली, असें त्यांना माचीवर बसून विचारा. तीं चहूंकडे पाहतील, अंतर मोजतील, पाणी शोधतील, खालच्या गांवांकडे बोट दाखवतील आणि आपसांत भांडतील. हें भांडण परीक्षेंतल्या चार गुणांहून पुष्कळ अधिक मोलाचें आहे.